टेबललँड युनेस्कोच्या यादीत गेलं, म्हणजे वाचलं का?

सप्टेंबर २०२५ मध्ये एक बातमी आली आणि मोबाइलवर अभिनंदनाचे निरोप फिरू लागले: पाचगणी-महाबळेश्वरचे 'डेक्कन ट्रॅप', म्हणजे लाव्हाच्या थरांचे कडे आणि त्यांतच पाचगणीचं टेबललँड हे पठार, युनेस्कोच्या यादीत. त्याच वेळी उडुपीजवळची सेंट मेरी बेटं, केरळातले वर्कलाचे कडे, मेघालयातल्या गुहा अशी देशातली आणखी काही ठिकाणंही यादीत गेली. अनेकांनी समजून घेतलं ते असं की आता तिथल्या दगडाला कोणी हात लावू शकणार नाही.

तसं झालेलं नाही. ही जागतिक वारशाची यादी नव्हे, तिच्या आधीची तात्पुरती यादी आहे. एखाद्या जागेचा प्रस्ताव पुढे कधीतरी पाठवायचा आमचा विचार आहे, एवढंच एखादा देश त्यातून कळवतो. या यादीत किमान वर्षभर असल्याशिवाय साधारणपणे प्रस्ताव विचारात घेतला जात नाही. मग दस्तऐवज, नकाशे, तज्ज्ञांची पाहणी असं सगळं होऊन निर्णय होतो. आणि शेवटी नाव लागलं तरी युनेस्को इथे येऊन पहारा देत नाही. जागा राखायची ती त्या देशाच्या कायद्याने. म्हणूनच त्या कायद्यात काय आहे आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवं.

कोकणाला याचा अनुभव आहे. तिथली कातळशिल्पं २०२२ मध्येच याच तात्पुरत्या यादीत गेली. त्यात राजापूर तालुक्यातलं बारसूही आहे. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, बारसूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावकरी, त्यात मोठ्या संख्येने बायका, उन्हात आडव्या पडून राहिल्या. प्रकल्प चांगला की वाईट हा वेगळा वाद आहे. यादीत नाव असल्यामुळे कोणतंही काम आपोआप थांबत नाही, एवढं त्यातून दिसलं.

आधी ही जमीन कशी झाली ते

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वर आला आणि पसरला. तो थंड झाला, त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असं अनेकदा झालं. त्यातून बसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, थरावर थर चढत गेला. आज उरलेलं या खडकाचं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. महाबळेश्वरच्या परिसरात हे थर एकावर एक मिळून किलोमीटरहून जाड आहेत आणि घाटाच्या कड्यांवर उघडे दिसतात. याच काळाच्या आसपास डायनासोर पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्यामुळे पृथ्वीचा तो काळ वाचायला जगभरचे अभ्यासक या कड्यांकडे येतात.

मग पावसाने काम केलं. लाखो वर्षं पाणी मुरून बसाल्टमधली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्यातून तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. पाचगणीच्या टेबललँडचा माथा या जांभ्याचा आहे, कासचं पठार त्याचंच आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडेही त्याचेच. जांभा जमिनीत असताना तुलनेने मऊ असतो, कापून बाहेर काढला की हवेत कडक होतो. म्हणूनच त्याचे चिरे पडतात, कोकणातली घरं उभी राहतात, आणि म्हणूनच सडे खोदले जातात.

'संरक्षित' हा शब्द एकच, कायदे अनेक

भारतात निसर्गरक्षणाचा एक सलग कायदा नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी झालेले कायदे एकाच जमिनीवर एकमेकांशेजारी काम करतात. गोंधळ होतो तो इथेच.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हे दोन्ही त्याच कायद्यातून येतात, पण त्यांत फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क उरत नाहीत, गुरं चारायला बंदी असते. अभयारण्यात चौकशी करून काही हक्क चालू ठेवता येतात. या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव असे दोन सौम्य प्रकार आले. आपल्याकडे आंबोली-दोडामार्गचा पट्टा संवर्धन राखीव आहे.

१९८० चा वन कायदा जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देण्यावर अंकुश ठेवतो. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या पोटातून दोन गोष्टी निघाल्या, ज्या आपण रोज बातम्यांत वाचतो: किनाऱ्यासाठीचा सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) आणि डोंगरांसाठीचं 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र'.

या संवेदनशील क्षेत्राची लोकांना सर्वांत जास्त धास्ती वाटते, म्हणून ते नीट समजून घेऊ. सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त बोजा चढतो, तेव्हा जमीन मालकाचीच राहते, पीकही तोच घेतो, पण काही गोष्टी त्याला मनमर्जीने करता येत नाहीत. संवेदनशील क्षेत्र हा जमिनीवरचा असाच एक बोजा आहे. सरकार जमीन घेत नाही, कोणाला उठवत नाही. खाणी, जास्त प्रदूषण करणारे कारखाने, प्रचंड बांधकामं अशा ठरावीक गोष्टींना मात्र बंदी येते. महाबळेश्वर-पाचगणीवर हा बोजा २००१ पासून आहे, माथेरानवर २००३ पासून. दोन्हीकडे माणसं राहतात, हॉटेलं चालतात, पाचगणीत तर शाळांची वसतिगृहं भरलेली असतात.

म्हणजे टेबललँड आज जे काही टिकून आहे, त्याचं श्रेय २००१ च्या त्या अधिसूचनेला जास्त आहे, २०२५ च्या यादीला कमी.

आणि दगडाचं काय?

मला या सगळ्यात खटकते ती एक पोकळी. आपल्याकडे वाघाला कायदा आहे, झाडाला आहे, भरतीच्या रेषेला आहे, देवळाला आणि किल्ल्याला आहे. भूरूपाला, म्हणजे त्या जमिनीच्या घडणीला, स्वतःचा कायदा नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून काम करते. तिने देशभरातली तीसहून अधिक ठिकाणं 'राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं' म्हणून जाहीर केली आहेत. नाव भारदस्त आहे, पण त्यामागे शिक्षा किंवा बंदी असलेला कायदा नाही. तिथे एक पाटी लागते आणि काही ठिकाणी कुंपण.

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे असंच एक स्मारक. उल्का आदळून बसाल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. जगात बसाल्टमधली अशी विवरं फार थोडी आहेत, त्यामुळे चंद्रावरची विवरं समजून घेण्यासाठीही लोणारचा अभ्यास होतो. पण लोणार वाचवायला कोणते कायदे वापरावे लागले ते पाहा. देवळांसाठी पुरातत्त्वाचा कायदा, २००० साली अभयारण्य केलं म्हणून वन्यजीवांचा कायदा, आणि २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश. मोर, बिबटे, देवळं आणि खारं तळं यांच्या आधाराने विवर राखलं जातंय. ज्या गोष्टीमुळे लोणार जगात प्रसिद्ध आहे, तिचं नाव यातल्या एकाही कायद्याच्या उद्देशात नाही.

सगळ्यांचं नशीब लोणारसारखं नसतं. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा बसाल्टच्या उभ्या स्तंभांचा कडा आहे. आज तो इमारतींच्या गर्दीत अडकलेला सुमारे ६० मीटर उंच सुळका उरलाय. आजूबाजूचा डोंगर खडी होऊन शहराच्या पायात गेला.

महसुलाच्या कागदात दगडाला ओळख आहे, नाही असं नाही. तिथे तो 'गौण खनिज' आहे. मुरूम, खडी, चिरा, वाळू: किती ब्रास काढले, किती स्वामित्वधन भरलं, डंपरला परवाना होता की नाही. अवैध उत्खननाची कारवाई होते तीही बुडालेल्या महसुलापोटी. तो विशिष्ट दगड तिथून जाणं हेच नुकसान आहे, हे मांडायला त्या कागदात रकाना नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांसाठी एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात अशा जागा जाहीर करायची तरतूद होती, तिथल्या बांधकामावर बंदी होती, मोडतोड केल्यास शिक्षा होती. आक्षेपही आले आणि ते बिनबुडाचे नव्हते: सगळे अधिकार एकाच केंद्रीय यंत्रणेकडे, राज्यांना आणि स्थानिकांना जवळपास जागाच नाही. मसुद्याचा कायदा झालेला नाही. माझ्या मते आक्षेपांसह तो सुधारून पुढे न्यायला हवा होता.

सडा: कागदावर पोटखराबा

या पोकळीची सर्वांत मोठी किंमत कोकणातले सडे मोजताहेत.

सड्यावर मे महिन्यात उभं राहिलात तर तापलेला काळपट कातळ आणि थोडं वाळकं गवत, एवढंच दिसेल. सातबाऱ्यावर त्याची नोंद बहुतेकदा पोटखराबा म्हणून असते. म्हणजे लागवडीला नालायक, त्यावर सारा नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही अशा कातळांना नापीक खडकाळ जमिनीत मोजतात. एकदा पडीक म्हटलं की पुढचा प्रश्न हाच येतो की याचं 'काहीतरी' करायचं कधी.

जून लागला की हाच कातळ बदलतो. खोलगट भागात पाणी साचून तळी होतात. हातभर मातीचा थरही नसलेल्या जागी गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी चिमुकली झाडं उगवतात. या मातीत नत्र फार कमी, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू छोटे किडे पकडून आपली गरज भागवतात. दीपकाडीची पांढरी फुलं येतात. तिची कोकणातली जात जगात इतरत्र सापडत नाही. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल याच कातळावरच्या सैल दगडांखाली राहते. ऑक्टोबरपर्यंत हा सगळा संसार आटोपतो आणि बिया, कंद, अंडी पुढच्या पावसाची वाट पाहत कातळात दडून बसतात.

माणसासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. जांभा सच्छिद्र आहे, त्याच्या खाली चिकट मातीचा थर असतो. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून उतरतं, त्या थराशी अडतं आणि सड्याच्या कडेने, उतारावर, झरे आणि विहिरींतून बाहेर येतं. कोकणातल्या कितीतरी वाड्या नेमक्या या उतारावर वसलेल्या आहेत. जुन्या लोकांनी घर बांधायला पाण्याची जागा शोधली ती अशी. वर सडा फोडला, त्यात सुरुंग लावून खड्डे केले, तर पाण्याची वाट बदलते आणि खालची वाडी एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहते. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखातली ही स्थिती आहे.

सडे तुटतात ते दोन-तीन कारणांनी: चिरेखाणी, मोठे प्रकल्प आणि हापूसच्या बागा. बागेसाठी कातळ फोडून खड्डे करतात, बाहेरून माती आणून भरतात. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. ज्या जमिनीला सरकार नालायक म्हणतं, तिच्यातून तो घामाने उत्पन्न काढतोय. पण बहुतेक सडे खासगी किंवा गावसामायिक मालकीचे असल्याने वन कायदा तिथे पोचत नाही, वाघ-बिबट्यांचं अभयारण्य करावं अशीही ती जागा नाही. कातळशिल्पांना पुरातत्त्वाचा आधार मिळू शकतो. पण शिल्पाभोवती दहा मीटरचं कुंपण घालून बाकीचा सडा खणला, तर तळी, फुलं आणि पाणी त्या कुंपणात मावत नाहीत.

समुद्रात रेषा कुठे ओढायची?

सीआरझेडचे नियम १९९१ मध्ये आले, मग २०११ आणि २०१९ मध्ये बदलले. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीवर ते लागू होतात. ग्रामीण भागात पूर्वी २०० मीटर जागा बांधकामाविना ठेवायची होती. २०१९ मध्ये दाट लोकवस्तीच्या गावांसाठी ती ५० मीटरवर आली. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना घर दुरुस्त करणं सोपं व्हावं ही मागणी रास्त होती. पण तीच सवलत बाहेरून येणाऱ्या रिसॉर्टच्याही उपयोगी पडते, हा त्यातला तिढा आहे.

पाण्याखालची गोष्ट आणखी अवघड. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यात येतं. तिथे प्रवाळ आहेत. जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांना वाटलं की आता जाळंच टाकता येणार नाही, आणि विरोध सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं अभयारण्य मुख्यतः कागदावर राहिलं. त्याच काळात पर्यटन वाढलं, प्रवाळांजवळ बोटींचे नांगर पडू लागले. ज्यांच्याकडून धोका कमी होता त्यांना आधी घाबरवलं, आणि जो धोका नंतर आला त्याच्यासाठी तयारी नव्हती.

आणखी बाहेर, विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटरवर, आंग्रिया बँक आहे: समुद्रात बुडालेलं पठार, त्याचा माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर, त्यावर प्रवाळ. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच राज्याचे मासेमारीचे नियम चालतात. अभयारण्याची सोयही तिथपर्यंतच. पुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. त्या पाण्यात एखादा भाग राखायचा तर १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्र सरकारलाच तो जाहीर करावा लागतो.

'मग गावांनी जगायचं कसं?'

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि तो टाळून कोणताही निसर्ग वाचलेला नाही.

माळढोकचं उदाहरण घ्या. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अभयारण्य झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा, सगळं अभयारण्यात. लोकांचे साधे व्यवहार अडले आणि राग त्या पक्ष्यावर निघाला. २०१२ मध्ये क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केलं. तोपर्यंत तेहतीस वर्षं गेली होती आणि महाराष्ट्रातला माळढोक नाहीसा होण्याच्या काठावर आला होता. इतकं मोठं क्षेत्र राखण्याचा खरा प्रयत्न कोणी केलाच नव्हता.

कासची गोष्ट लहान आहे पण शिकवणारी. २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा निवडल्या गेल्या, त्यात महाराष्ट्राच्या चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पर्यटकांचे लोंढे येऊ लागले म्हणून कासला जाळीचं कुंपण घातलं. पण त्याने गुरंही थांबली. गवत वाढलं, आणि फुलांचा बहर त्याखाली दबतोय अशी तक्रार अभ्यासक आणि गावकरी दोघेही करू लागले. शेवटी जाळी काढावी लागली. गुरांच्या चरण्याने ते पठार घडलं होतं, हे तिथल्या गुराख्याला कोणी विचारलं असतं तर कळलं असतं.

'गाडगीळ अहवाल म्हणजे विकासाला विरोध' असं अजूनही ऐकू येतं. २०११ च्या त्या अहवालात माधव गाडगीळ यांच्या समितीने सगळा पश्चिम घाट तीन श्रेणींत वाटायला सुचवलं होतं आणि अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करून घ्यावेत असा आग्रह धरला होता. अहवाल मराठीत गावागावात वाचून दाखवलाच गेला नाही, आणि भीती मात्र आधी पोचली. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणलं. २०१४ पासून केंद्राने या क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमधल्या दरडीच्या दुसऱ्या दिवसाचा. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर आणि २,५१५ गावं. शेतीवर बंदी नाही, जमीन विकण्यावर नाही, गाव हलवणं नाही. बंदी आहे ती खाणींवर, नव्या औष्णिक वीज प्रकल्पांवर, अतिप्रदूषक उद्योगांवर, आणि २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर. आपल्या गावातल्या किती जणांना इतकं मोठं बांधकाम करायचं आहे, याचा विचार करून विरोध करावा.

गावाच्या हातात आज काय आहे

जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि तो खालून वर जाणारा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि 'लोक जैवविविधता नोंदवही' ठेवायची असते. अनेक गावांत ती वही कोणीतरी बाहेरचा येऊन भरून गेलेला असतो, आणि त्यात सड्याचा उल्लेखही नसतो. याच कायद्यात स्थानिक संस्थांशी चर्चा करून राज्य सरकार 'जैवविविधता वारसा स्थळ' जाहीर करू शकतं. आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानापाशी माशाची नवी जात सापडली, तेव्हा २०२१ मध्ये तिथलं केवळ २.११ हेक्टर क्षेत्र असं जाहीर झालं. कोणाची शेती गेली नाही, कोणी उठलं नाही, देवळाची पूजा चालू आहे.

सड्याच्या गावांनी हा मार्ग वापरून पाहावा असं मला मनापासून वाटतं. ग्रामपंचायतीत जाऊन आपली नोंदवही मागा, ती पाहायला मिळायलाच हवी. सड्यावरची तळी कोणती, कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहतं, खालच्या कोणत्या विहिरी आणि झरे त्यावर चालतात, कुठे कोणती फुलं येतात, गुरं कुठे चरतात, कातळशिल्पं कुठे आहेत, हे गट क्रमांकासह लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना सोबत न्या आणि पावसाळ्यात जा, कारण उन्हाळ्यात गेलात तर लिहायला काही सापडणार नाही. मग ते ग्रामसभेत वाचून ठराव घ्या. पुढे खाणीचा किंवा प्रकल्पाचा अर्ज आला आणि जनसुनावणीत 'ही पडीक जमीन आहे' असं वाक्य आलं, तर उत्तर म्हणून ठेवायला गावाकडे तारीख आणि सह्या असलेला कागद असेल.